शिमोनाची सासू

आमच्या घरात आजारी पडायची ऐपत एकाच माणसाची होती, आणि ते माणूस म्हणजे बाबा. त्यांना साधं पडसं झालं तरी ओसरीत बाज टाकली जायची, आम्ही दोघं भावंडं पाय न वाजवता चालायचो, आणि माय सुंठेचा काढा, गुळाची लापशी, भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी असं एकेक नेऊन द्यायची. बाबा कण्हायचे तेसुद्धा गल्लीला ऐकू जाईल असं. मायचा ताप मात्र तिच्या कपाळावरच्या फडक्यावरून ओळखावा लागायचा. फडकं बांधलेलं असलं म्हणजे ताप आहे, सोडलं म्हणजे गेला. बाकी चुलीत, भाकरीत, मेथीच्या जुड्यांत तसूभर फरक पडायचा नाही. शेजारीण विचारायची, "काय व, बरं नाई का?" तर माय म्हणायची, "बरं नसून सांगू कोनाले?" आणि दोघी हसायच्या. तेव्हा मलाही हसू यायचं. आता त्या हसण्याचा राग येतो, माझ्यासकट सगळ्यांच्या.

धामणगाव बढ्याच्या अलीकडे नाल्याकाठी आमचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर, थोडा कांदा. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागलं की माझी झोप मोडायची, आणि त्याच्या पाठोपाठ चुलीपुढे भाकरी थापल्याचा आवाज यायचा. बाबांना भाकरी तव्यावरून थेट ताटात लागायची. टोपल्यातली गार भाकरी ते ताटाबाहेर ठेवायचे, काही न बोलता. दुपारी मळ्यात ठेचा, कांदा आणि वरून कच्चं तेल. चातुर्मासात घरात वांगं शिजायचं नाही, आणि बाजाराला मात्र पाट्याच्या पाट्या जायच्या. मी एकदा मायला त्याचं कारण विचारलं. ती म्हणाली, "देवाले चालत नाई, गिऱ्हाइकाले चालते." चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की मग वांगं घरात यायचं. आमच्या बांधावर निंबाखाली खंडोबाचं ठाणं होतं, शेंदूर लावलेले दोन दगड आणि एक गंजलेली घंटा. बाबांची त्या ठाण्यावर मोठी श्रद्धा. देवावर त्यांनी जितकं प्रेम केलं त्याच्या चार आणे माणसांवर केलं असतं तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं.

त्या वर्षी दिवाळी सरली आणि मायच्या कपाळाला फडकं बांधलं गेलं ते सुटेचना. पाचव्या दिवशी ती मेथीच्या वाफ्यातच बसली आणि तिला उठता येईना. तेव्हा कुठे बाबांना कळलं की बाई आजारी आहे. गावातल्या वैद्यबुवांनी नाडी बघून मुदतीचा ताप सांगितला. एकवीस दिवसांची मुदत भरली की उतरेल म्हणाले. आठव्या दिवशी ती बडबडायला लागली, मला ओळखेना, तेव्हा बाबांनी गाडी जुंपली. गाडीत तिला घातल्यावर ते बांधावर गेले, घंटा वाजवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलले, "देवा, मायी बायको पायावर उभी राह्यली तं येत्या चंपासष्टीले पाच पायल्याचे रोडगे. अन् पह्यला रोडगा तिच्या हातचा." तिथं उभ्या असलेल्या बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले. नवऱ्यानं बायकोसाठी नवस बोलल्याचं आमच्या गावात कोणी ऐकलं नव्हतं.

दवाखाना मिशनचा होता. डांबरी रस्त्यापर्यंत गाडीनं जायचं आणि तिथून बसनं दीड तास. बाजाराचं गाव तेच, त्यामुळे दर मंगळवारी बाबा भाजी घेऊन जायचे तेव्हा मला दिवसभर मायजवळ सोडायचे. तिच्यासोबत माझी मावशी राहिली होती. मिशनवाले बाटवतात, म्हणून त्यांच्याकडचं पाणीही घ्यायचं नाही, असं मावशीनं गेल्यागेल्या ठरवलं आणि दवाखान्यामागच्या पडवीत तीन दगडांवर स्वयंपाक मांडला. पण तिची सून अवघडलेली होती. दहा दिवसांत मावशी परत गेली. मग मायला पेज द्यायचं काम शेवंताबाईंकडे आलं. शेवंताबाई तिथल्याच, ख्रिस्ती, पन्नाशीच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. त्या खाटांमधून फिरायच्या, भांडं द्यायच्या, अंग पुसायच्या, पत्रं वाचून दाखवायच्या आणि कोणी ऐकत असेल तर शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगायच्या. मायनं त्यांच्या हातची पेज पहिल्या दिवशीच प्यायली. मी डोळे मोठे केले तर म्हणाली, "घरी नोको सांगू. पेज पेजच असते." त्या लोखंडी खाटेवर, पांढऱ्या चादरीत ती इतकी लहान दिसायची की मला चमत्कारिक वाटायचं. आडवी पडलेली माय मी तोवर पाहिलीच नव्हती. आमच्या आधी उठायची, आमच्यानंतर झोपायची. एका मंगळवारी ती मला हळूच म्हणाली, "कमळे, इथं कोनी हाक मारत नाई व." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नवल होतं.

त्याच दिवशी शेवंताबाईंनी ती गोष्ट सांगितली. येशू सभास्थानातून निघून आपल्या शिष्याच्या, शिमोनाच्या घरी आला. बरोबर आणखी तिघं होते. घरात शिमोनाची सासू तापानं पडली होती. त्यांनी त्याला ते सांगितलं. तो जवळ गेला, तिचा हात धरला, तिला उठवलं. ताप निघून गेला आणि ती उठून त्यांच्या सरबराईला लागली. शेवंताबाईंनी हे सांगताना हात जोडले. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं "देवाची लीला" म्हणून सुस्कारा टाकला. माय मात्र उशीवर मान वळवून म्हणाली, "किती जन आलते म्हनता?"

शेवंताबाईंनी बोटं मोजली. "येशू, शिमोन, त्याचा भाऊ, अन् दोघं. पाच."

"पाच जन. अन् घरचे येगळे." मायनं डोळे मिटले. "ताप उतरल्यावर पायात जीव नसते व बाई. त्या बाईनं मंग रांधलं काय?"

"लिहिलं नाही ते."

"तिले कोनी म्हनलं नाई का, तू बस, आमी घेतो?"

शेवंताबाई हसल्या. म्हणाल्या, "तेही लिहिलं नाही, बाई." मग दोघीही हसायला लागल्या, आणि मायला खोकला येईपर्यंत हसल्या.

ही गोष्ट ज्यात होती ती पातळ पुस्तिका शेवंताबाईंनी मला दिली होती, ती आजही माझ्याकडे आहे. मी ख्रिस्ती झाले नाही, व्हावंसंही वाटलं नाही. पण पुढे मी शिकले, मास्तरीण झाले आणि तेवढा एक उतारा कितीतरी वेळा वाचला. बाकीची शुभवर्तमानं मिळवून हीच हकीगत तिथेही पाहिली. तिघांनी ती लिहिली आहे. एक म्हणतो त्यानं हात धरून उठवलं, एक म्हणतो हाताला नुसता स्पर्श केला, एक म्हणतो त्यानं तापालाच दटावलं. एवढा मतभेद आहे. पण ती उठून कामाला लागली, यावर तिघांचं एकमत आहे. बाईचं नाव तिघांनाही ठाऊक नाही. पुढे असंही आहे की संध्याकाळी सगळं गाव आजारी माणसं घेऊन त्याच दारात जमलं. त्या गर्दीला पाणी कोणी दिलं असेल, हे सांगायला शुभवर्तमानाची गरज नाही. हे कोणा विद्वानाला सांगितलं तर तो म्हणतो, बाई, सेवा हा कृतज्ञतेचा भाव आहे, अर्थ समजून घ्या. मी साठ वर्षं समजूनच घेते आहे. त्या विद्वानाच्या घरी ताप आलेल्या बाईच्या हातचा चहा घेऊन मी परत आले आहे.

तिकडे घरी चूल माझ्यावर आली होती. मी तेरा वर्षांची होते, सातवीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि मी गेले नाही. बाबांना भाकरी गरम हवी, माझ्याहून चार वर्षांनी मोठा भाऊ सुपडा, त्याला पहाटे मोट हाकायच्या आधी चहा हवा, संध्याकाळी मजुरीण बायकांबरोबर जुड्या बांधायच्या, बैलांचं पाणी, भांडी, धुणी. माझ्या भाकरीला फुगा यायचा नाही. बाबा ती उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "तुयी माय कधी येते कोनास ठाऊक." त्यात मायची काळजी किती आणि भाकरीची किती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी काय वेगळी होते? रोज संध्याकाळी वर्गातल्या मैत्रिणी दारावरून जायच्या, नव्या नकाशाबद्दल बोलत. भिंतीवर आपल्या नव्या राज्याचा नकाशा लागला होता आणि आपला जिल्हा कुठल्या रंगाचा आहे यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. मी राखेनं भांडी घासत ते ऐकायची आणि मायवर चिडायची. ती तिकडे पांढऱ्या चादरीत पडली आहे आणि मी इथं मरते आहे, असं मला वाटायचं. हे लिहिताना हात जड होतो, पण वाटायचं ते हेच.

चौथ्या मंगळवारी आम्ही गेलो तेव्हा ताप उतरून दोन दिवस झाले होते. माय उशीला टेकून बसली होती, डोळे खोल गेले होते आणि केस गळून भांग रुंद झाला होता, पण ती माय होती. बाबांनी लगेच डॉक्टरीणबाईंना गाठलं. चंपाषष्ठी शुक्रवारी होती. डॉक्टरीणबाई मराठीच होत्या, पुण्याकडच्या, तुटक बोलायच्या. म्हणाल्या, "ताप उतरलाय, आजार उतरलेला नाही. या तापात आतड्याला आतून जखमा होतात. त्या भरून यायला अजून पंधरा दिवस जातील. तोवर उठायचं नाही, उचलायचं नाही, जड खायचं नाही. आतडं फुटलं तर माझ्या हातात काही राहणार नाही." बाबा "हाव, हाव" करत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "डाक्तराचं कामच हाये ते. खाट भरेल पाह्यजे त्याहिले." आमच्याकडे ताप म्हणजेच आजार. अंगाला हात लावायचा. तापलं असेल तर आजारी, गार असेल तर बरा. आतड्याला जखमा होतात आणि अंग गार असतं, हे कोणाच्या बापजाद्यानं ऐकलं नव्हतं. आणि नवसाची तिथी काही पंधरा दिवस थांबत नाही. चुकली तर वर्षभर देवाचं देणं डोक्यावर, आणि गावाला काय तोंड दाखवणार? बाबांनी तोवर पन्नास-साठ माणसांना सांगून ठेवलं होतं. नवस बोलताना गाव ऐकत होतं, फेडतानाही गाव पाहायला हवं होतं.

बुधवारी संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. माझ्याजवळ येऊन बसण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते लक्षात आहे. म्हणाले, "कमळे, उद्या सुपड्यासंग तू जाय. मी गेलो तं ते डाक्तरीन मायावर येते. तुयं ऐकते तुयी माय. तिले सांग, एकच रोडगा थापाचा, नैवेद्यापुरता. बाकी पडूनच राह्य म्हनाव. दुसऱ्या दिवशी आनून सोडतो." मग थोडं थांबून म्हणाले, "नाईतं पाच पायल्याचं पीठ तुले मळा लागीन. बाया येतीन हाताखाली, पन घरचं मानूस पाह्यजे."

ओसरीत पिठाचं पोतं उभं होतं. रोडग्याचं पीठ जाडंभरडं असतं, त्यात मोहन घालून ते घट्ट, अगदी दगडासारखं मळावं लागतं. सैल झालं तर गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, रोडगा फुटतो. मी त्या पोत्याकडे बघितलं आणि जायला कबूल झाले. मायसाठी नाही, नवसासाठी नाही. पोत्यासाठी.

गुरुवारी डॉक्टरीणबाई कुठल्याशा खेड्यात बाळंतिणीसाठी गेल्या होत्या. सुपडा फाटकाशी बसच्या वेळेकडे डोळे लावून उभा राहिला आणि मी आत गेले. मायनं विचारलं, "किती लोकं सांगतले?"

"साठेक."

"पीठ दळून आनलं?"

"हाव."

"कोन मळीन?"

"मीच." असं म्हणून मी हात तिच्या चादरीवर ठेवले. डाव्या हाताला तव्याचा चटका बसून फोड आला होता, उजव्या हाताची दोन बोटं विळ्यानं कापलेली होती. मला ते लपवता आले असते. मी लपवले नाहीत. मायनं माझे हात उलटे केले, सरळ केले.

शेवंताबाई आल्या. त्यांना सगळं कळल्यावर त्या खाटेच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "उठू नको बाई. डाक्तरीनबाईले येऊ दे संध्याकाळी, मंग काय ते पाहू."

बस दुपारचीच होती. मी म्हणाले, "बाई, तुमच्या त्या सासूचा ताप गेला तं ते उठलीच ना तवाच?"

"तिले प्रभूनं उठवली होती."

"मंग मायले कोनं बरं केलं? तुमीच तं रोज तिच्या उशाशी प्रार्थना करता."

शेवंताबाईंनी बरी झाली नाही म्हणावं तर प्रार्थना खोटी, झाली म्हणावं तर वाट सोडायला हवी. मला त्या वयात वादात कोणी हरवू शकत नसे, आणि त्याचा मला गर्व होता. त्या बाजूला झाल्या. मी खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "धर माया हात." मायनं धरला. मी ओढलं आणि ती उभी राहिली. माझ्या खांद्यावर भार टाकून ती शेवंताबाईंना म्हणाली, "जातो बाई. त्या सासूले तं पाचच जन होते." आणि हसली.

शेवंताबाई पुढे मला एकदाच भेटल्या, मी नोकरीला लागल्यावर. खूप थकल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "ती गोष्ट मी पुन्हा कधी कुठल्या खाटेपाशी सांगितली नाही." चूक त्यांची नव्हती, आणि माझी होती असं म्हणायचं धैर्य तेव्हा माझ्यात नव्हतं.

शुक्रवारी मळ्यात गोवऱ्या रचल्या, बायका परातींपुढे बसल्या, मायला निंबाखाली गोधडीवर बसवलं. तिनं एक रोडगा थापला, बाबांनी तो देवापुढे ठेवला, भंडारा उधळला, घंटा वाजवली. तिथं तिचं काम संपायला हवं होतं. पण मी ज्या परातीपुढे होते तिथलं पीठ सैल झालं होतं. पहिली चळत आरात टाकली आणि रोडगे फुटले. पुरुषमंडळी हसायला लागली. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी मायकडे पाहिलं, फक्त पाहिलं. तिला कोणी उठ म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगते. कोणी बस असंही म्हटलं नाही. ती गोधडीवरून उठली, पदर खोचला, मला कोपरानं बाजूला सारलं आणि परातीवर वाकली. कोरडं पीठ घालून, दोन्ही मुठींनी, गुडघ्यावर येऊन, सगळं अंग टाकून ती मळत राहिली. एक परात झाली, मग शेजारची. मी बाजूला उभी होते आणि मला हायसं वाटत होतं.

मग पंगती बसल्या. भरीत वाढायलाही तीच वाकली, कारण वांगी आमची आणि भरीत तिच्या हातचं हवं असं पाटलांनी सांगितलं. "काय बाई हाये," लोक म्हणत होते, "काल खाटेवर होती अन् आज पाहा." "देवाचं देनं." बाबा पंगतीतून फिरत होते, "घ्या, लाजू नोका, देवाचं हाये," म्हणत होते आणि इतकं आनंदी मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शेवटची पंगत उठायच्या आत माय पोट धरून निंबाच्या बुंध्याशी बसली. मला म्हणाली, "काईतरी तुटल्यावानी झालं व." मी तिला पाणी दिलं. बाबा म्हणाले, थकली आहे, पडू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट फळीसारखं घट्ट झालं होतं आणि अंग पुन्हा तापलं होतं. गाडी, मग बस, मग तीच खाट. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. नंतर बाबांकडे वळून, आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "मी काय सांगितलं होतं? कोणी उठवलं हिला?"

बाबा जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी मान माझ्याकडे केली. "पोरगी घेऊन गेली, डाक्तरीनबाई. आमी नव्हतो इथं. लेकरू हाये, तिले काय समजते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाई, शेवंताबाई, शेजारच्या खाटेवरची म्हातारी. सुपडा दाराशी उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं, तो बाहेर निघून गेला. मला बोलायचं होतं की बाबांनी धाडलं, पण मी खाटेचा लोखंडी दांडा धरून उभी राहिले. तेवढ्यात मायनं डोळे उघडले. ओठ सुकून चिकटले होते, ते सोडवून ती म्हणाली, "कोनी नाई उठवलं. पोरीले कायले बोलता? म्याच उठली आपल्या मनानं."

बाबांनी श्वास सोडला. मी तो ऐकला. लगेच ते म्हणाले, "हाव, तिचा सोभावच तसा हाये. बसवतच नाई तिले."

माय रविवारी दुपारी गेली. तेराव्यापर्यंत दारात येणाऱ्या प्रत्येकाला बाबांनी हेच सांगितलं, आणि लोकांनी ते पुढे नेलं: बाई आपल्या मनानं उठली, आपल्या हातानं देवाचे रोडगे केले, गाव जेवू घातलं आणि सवाष्ण गेली. असं मरण यायला पुण्याई लागते, असंही म्हणाले. सुपड्यानं बाबा जिवंत असेतो तोंड उघडलं नाही, आणि ते गेल्यावर उघडून उपयोग काय म्हणाला. मीही माझ्या नवऱ्याला, माझ्या मुलांना, माझ्या सुनेला हेच सांगत आले. ती मरतामरता माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी ते साठ वर्षं वापरलं. आता सांगते. ती आपल्या मनानं उठली नाही. मला बाबांनी धाडलं, मी तिचा हात धरला, आणि मी तिला उठवलं.